बारणां लीलां छे

सुरुवातीलाच सांगते, या सदरातले अनुभव मी जेवताना वाचणारी बाई आहे. कुणाच्या मागे पावलं वाजतात, कुणाला विहिरीवर कोणी दिसतं... मी लोणचं चाटत वाचते आणि नवऱ्याला म्हणते, "याला पित्त झालं असणार." त्यात माझी नोकरी पलसाण्याच्या एका मिलमध्ये, कापड रंगवायच्या लॅबमध्ये. पार्टीनं दिलेल्या चिंधीशी शेड जुळवायची, पिवळा किती, निळा किती ते ठरवायचं, हे माझं काम. रंग कधी चढतो, कधी चढत नाही आणि का, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. रंगाच्या बाबतीत कोणी भूत दाखवलं तर मी त्याचा सॅम्पल मागेन, असंही लॅबमध्ये बोलून दाखवलेलं आहे.

तर हात दाखवून अवलक्षण ते असं... अनुभव आला, तो नेमका रंगाचाच आला.

आम्ही सुरतेत नवागामला राहतो, डिंडोलीच्या बाजूला. मूळचे पारोळ्याकडचे. सासरे ऐन तरुणपणी लूमवर काम करायला इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो. लूमच्या खडखडाटात उमर गेली, त्यामुळे कानांनी बरंच कमी ऐकू येतं. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते कपाटात डबीत सुखानं नांदतं.

सासूबाईंचं नाव लीलाबाई. सगळे त्यांना माय म्हणायचे, एकटे आप्पा तेवढे 'लीला' म्हणायचे, तेही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, कारण बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. मायची घरात एक ठरलेली जागा होती. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात जायचं जे दार आहे, त्याच्या चौकटीला पाठ टेकून ती बसायची. तिथून एका डोळ्यानं टीव्ही दिसतो आणि दुसऱ्यानं डाळीचा कुकर. समोर खुर्चीत आप्पा. ती मेथी निवडत बोलायची, ते हुंकार द्यायचे. अर्धं ऐकू येत नसणार, पण हुंकार कधी चुकला नाही.

माय गेली आणि आप्पांचं जेवण हळूहळू आटत गेलं. आधी दीड भाकर, मग अर्धी, मग चहात बुडवलेली बिस्किटं. वर्षश्राद्ध पार पडेपर्यंत तग धरला, आणि ते झालं तसं जणू काम संपलं म्हणून हात आखडता घेतला. दोनदा सलाईन लावून झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आजार काही नाही, पण असंच चाललं तर हे फार ओढणार नाहीत."

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कानबाई म्हणजे खानदेशातल्या घराघरांतली देवी. रविवारी बसवायची, सोमवारी सकाळी वाजतगाजत पोचवायची. तिच्या नैवेद्याला रोट करतात. त्या रोटांसाठी गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घालायची. कामाला परगावी गेलेला असो, रुसून गेलेला असो, त्याची मूठ पडतेच. फक्त मेलेल्या माणसाची पडत नाही.

गेल्या वर्षी मायच्या दुःखामुळे कानबाई बसली नव्हती. यंदा बसवायची, असं मी आप्पांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "बसाडा. पन मना नावनी मूठ नको टाकू."

मी ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून स्वयंपाकघरात आले आणि नळ सोडून रडले. राजेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोन दिवस सांगितलंच नाही.

कानबाईआधी घराला रंग देतात. भिंती झाल्या, राहिली दारं-खिडक्या. दारं सागाची, पॉलिश केलेली. माय दर कानबाईच्या आधी खोबरेल तेलाचं फडकं मारून ती चकचकीत करायची. पण वर्षानुवर्षांचं पॉलिश काळं पडलेलं, खाली पाण्यानं पांढरं झालेलं. मी ठरवलं, आता सरळ ऑइलपेंट मारायचा, क्रीम रंगाचा, म्हणजे घर उजळेल. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "तुमनं घर शे." बोलणंच संपलं.

रंगारी मिळाला ठाकोरभाई. पक्का सुरती माणूस, ब्रश कमी आणि तोंड जास्त चालणारा. प्रत्येक गोष्टीचं कारण त्याच्याकडे तयार, आणि दुसऱ्या दिवशी वेगळं. पण कामाला वाईट नव्हता. शिवाय मी डोक्यावर उभी होतेच. पॉलिशवर तसाच रंग मारला तर तो सालपटासारखा निघतो, तेल असेल तर चढतच नाही, हे कापडाचं शास्त्र लाकडालाही लागू आहे. म्हणून आधी पट्टीनं सगळं जुनं पॉलिश खरवडायला लावलं. मग जाडा काचपेपर, मग बारीक. सोड्याच्या पाण्यानं धुणं, वाळवणं, टर्पेंटाइनचं फडकं. त्यावर अस्तराचा हात, भेगांत लांबी म्हणजे पुट्टी भरून परत काचपेपर. घरभर तांबूस भुकटी उडाली. स्वयंपाकघराच्या चौकटीवर मायच्या पाठीची जागा पॉलिश झिजून फिकी झाली होती, तीही भुकटीत गेली. म्हटलं, लाकूड आहे.

रंगाचा पहिला हात लागला त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून घरी होते. न्हाणीघरात कपडे धुते आहे तोच ठाकोरभाईची हाक आली, "बेन, बारणां लीलां छे, अडता नहीं!"

मी फेसाच्या हातांनी बाहेर धावले. मिलमध्ये दिवसभर 'लीलो' म्हणजे हिरवा ऐकायची सवय. "हिरवी? अहो ठाकोरभाई, मी क्रीम सांगितला होता ना!"

तो पोट धरून हसला. "अरे बेन, लीलां एटले भीनां! ओलां, ओलां! हजु हुकायां नथी."

ओल्यालाही तो लीलुंच म्हणायचा. म्हणजे दारं ओली आहेत, हात लावू नका. मीही हसले. आणि वळले तर आप्पा खुर्चीतून उठून उभे.

ठाकोरभाईनं त्यांनाही मोठ्यानं सांगितलं, "काका, लीलां छे! लीलां छे हों!" आणि जेवणाचा डबा घेऊन बाहेरच्या ओट्यावर जेवायला गेला.

आप्पा हळूहळू स्वयंपाकघराच्या दाराशी आले. चौकटीपासून हातभर अंतरावर, खाली फरशीवर मांडी घातली. कितीतरी महिन्यांत ते खाली बसले नव्हते. चौकटीकडे बघत म्हणाले, "शे का तू?"

 मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वंदना, काय करेल शे आज?"

"भरीत आहे, आप्पा. कळण्याची भाकर."

"वाढ मंग."

एक भाकर खाल्ली. वर थोडा भात मागितला. मधे मधे हुंकार देत होते... अगदी पूर्वीसारखा, खालच्या आवाजात. मी ओट्याला धरून उभी होते. 

संध्याकाळी राजेंद्रला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना समजावून सांगायला पाहिजे. तो ओलं म्हणतोय, आणि ते मायचं नाव समजताहेत. आपण फसवतोय त्यांना."

"ते जेवले, राजेंद्र."

"आणि दार वाळल्यावर?"

 दार वाळल्यावर ठाकोरभाई 'हुकाई गियां', म्हणजे वाळली, म्हणणार होता. मग आप्पा परत खुर्चीत बसणार, की तेवढंही नाही? बापाला फसवायचं नाही म्हणून राजेंद्र अडून बसलेला, आणि जेवताहेत तर जेवू द्यावं म्हणून मी. 

सकाळी बघितलं तर खिडक्या खडखडीत वाळलेल्या. मागचं दार, पुढचं दार, न्हाणीघराचं, सगळी वाळलेली. स्वयंपाकघराचं दार आणि चौकट मात्र तशीच ओली. बोट लावलं तर बोट क्रीम.

आप्पांनी ठाकोरभाईला विचारलं, "शे?"

"हा काका, हजु लीलां छे."

आप्पा चौकटीशी बसले आणि जेवले.

दुसऱ्या दिवशीही तेच, आणि तिसऱ्याही. आता तुम्ही म्हणाल, पावसाची दमट हवा. ठाकोरभाईही आधी तेच म्हणाला. मग म्हणाला, डबाच खराब. मग लाकडालाच दोष, मग कोणाची तरी नजर. तुम्ही म्हणाल, तेल... मायनं इतकी वर्षं खोबरेल पुसलेलं, ते आतून वर येत असणार. हे मीही धरून चालले होते. पण तेल तिनं सगळ्याच दारांना पुसलेलं होतं, एकालाच नाही. माझ्यातली लॅब गप्प बसेना. फरशी नवी घातली तेव्हा स्वयंपाकघराच्या याच दाराचा तळ कापावा लागला होता, तो तुकडा कपाटाखाली टेकू म्हणून होता. तो काढला, तसाच घासला, त्याच डब्यातला रंग त्याच ब्रशनं लावला आणि दाराच्या शेजारी ठेवला. दुसऱ्या दिवशी तुकडा कोरडा ठणठणीत. दार ओलं.

इथवर मी म्हणेन, असेल काहीतरी. मला न कळणारं रसायन जगात पुष्कळ आहे. पण पुढचं ऐका.

एका दुपारी आप्पा जेवून उठले. उठताना आधार म्हणून त्यांनी उजवा पंजा पुराच्या पुरा चौकटीवर टेकवला. मी ओरडले, "आप्पा, रंग!" त्यांना काही ऐकू आलं नाही. मी धावत जाऊन त्यांचा हात उलटा केला.

तळहात कोरा होता. एक ठिपका नाही.

चौकटीवर बघितलं. पंजाचा ठसा नाही, ओरखडा नाही, रंग होता तसा सपाट. त्याच जागी मी माझी करंगळी टेकवली. करंगळीला रंग लागला, आणि चौकटीवर माझ्या करंगळीची खूण उमटली.

राजेंद्र घरी आला तसं मी त्याला दाखवलं. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं. मग आप्पा पुन्हा उठताना त्याच्या डोळ्यांदेखत तेच झालं. नवऱ्यानं स्वतः हात लावून पाहिला आणि रंगलेली बोटं घेऊन मुकाट्यानं टर्पेंटाइनच्या बाटलीकडे गेला. वडिलांना समजावून सांगायचा विषय त्यानं त्यानंतर काढला नाही.

कानबाईचे दिवस जवळ आले. दाराला दुसरा हात लागेना, कारण पहिलाच वाळेना. ठाकोरभाईचं दुसरीकडचं काम खोळंबलेलं, तरी तो रोज दुपारी एक फेरी मारून जायचा. आप्पांचं गुपित मी त्याला सांगून टाकलं होतं.  ते ऐकल्यापासून तो रोज दारात चप्पल काढता काढताच ओरडायचा, "काका, लीलां छे!" आणि हे त्याला खोटं बोलावं लागत नव्हतं, याचंच मला नवल वाटायचं.

गहू घ्यायच्या दिवशी मी परात घेऊन बसले. राजेंद्रची मूठ घातली, शाळेतल्या आमच्या मुलाची घातली. पुढे हात जाईना. आप्पांनी सांगितलेलं डोक्यात वाजत होतं. घालावी तर त्यांचा शब्द मोडतो, न घालावी तर... ते मला लिहवतही नाही. तेवढ्यात आप्पा चौकटीपाशी बसल्या बसल्या पुढे वाकले. स्वतःच्या हातानं गव्हाची मूठ भरून परातीत टाकली, वर पाव मूठ टाकली आणि म्हणाले, "ती म्हनस, टाक."

ती म्हणते, टाक. मी परात कपाळाला लावली.

रविवारी कानबाई बसली. घर पाहुण्यांनी भरलं. ओल्या दाराला कोणी धक्का मारू नये म्हणून मी दोरी बांधून वर्तमानपत्रं लटकवली होती, त्यावरून नणंदेनं माझी यथेच्छ थट्टा केली. "मिलमधला रंग आणलास की काय गं, धुतल्याशिवाय न चढणारा?" मी ते हसण्यावारी नेलं. 

सोमवारी सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन, गाणी म्हणत, सगळे टेम्पोतून तापीवर गेलो. आप्पा म्हणाले, "माले नाचानं शे का? तुम्ही जा." घरात ते एकटेच होते.

परत आलो. मी सगळ्यात आधी आत शिरले. आप्पा स्वयंपाकघराच्या दारात बसलेले, पण आज हातभर अंतरावर नाही. मायच्या जागी, तिच्यासारखीच चौकटीला पाठ टेकून. दोरी, वर्तमानपत्रं बाजूला नीट ठेवलेली. उजवा हात मांडीवर उताणा.

तो तळहात क्रीम रंगानं माखलेला होता. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत. ओला, चकाकणारा.

मी खाली बसले आणि चौकट चाचपली. कोरडी. दार चाचपलं, वर, खाली, कड्यापाशी, बिजागरीपाशी. कोरडं. नखानं दाबलं तर नख उमटेना. सदऱ्याची पाठ बघितली, पांढरी स्वच्छ. पंजाचा ठसा शोधला, कुठेच नाही. माझ्या करंगळीची जुनी खूण मात्र जिथल्या तिथे वाळून बसलेली. एक पूर्ण पंजा भरेल इतका रंग आप्पांच्या हाताला कुठून लागला? डबा, ब्रश माळ्यावर होते, आणि माळ्यावर चढायचं त्यांचं वय नाही.

मागून राजेंद्र आला. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. डोळे भरलेले होते, पण चेहरा शांत.

"गयी ती," म्हणाले.

 ज्या क्षणाला मी इतके दिवस भीत होते तो आला होता. आता हे खुर्चीत जाऊन बसणार, आणि डॉक्टर म्हणाले ते...

आप्पांनी डाव्या हातानं माझ्या डोक्याला स्पर्श केला. "मना वाटाना रोट कथा शे? आन."

मी रोट आणला. टर्पेंटाइनही आणलं, हात पुसायला, तर त्यांनी मूठ मिटून घेतली. "राहू दे." मग राजेंद्र बापासमोर फरशीवर बसला आणि त्यानं एकेक घास मोडून त्यांना भरवला. सगळा रोट संपला.

ठाकोरभाई दुपारी आला. सवयीनं दारातूनच "काका, ली..." म्हणाला आणि चौकटीला बोट लावून थांबला. आप्पांनीच त्याला सांगितलं, शुद्ध सुरती गुजरातीत, "हुकाई गियां, भाई. चाल, चा पी."

तेव्हा माझी ट्यूब पेटली. ज्या माणसाची उमर सुरतेत गेली, शेठशी, मेस्त्रीशी, भाजीवाल्याशी जो गुजरातीतच बोलला, त्याला लीलां म्हणजे काय हे माहीत नसेल? काही दिवसांनी, जेवण बऱ्यापैकी सुरू झाल्यावर, मी कानाशी जाऊन विचारलंच. "आप्पा, ठाकोरभाई दार ओलं आहे म्हणायचा. तुम्हाला कळत होतं ना?"

"माले नही समजाव का? तो दारनंच सांगे." थोडं थांबून म्हणाले, "पन ती तठेच व्हती ना."



लॅबमधल्या सरांना तो वाळलेला तुकडा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी दमट हवा, तेल, रंगात घालायचा ड्रायर यांवर बरंच ऐकवलं. तळहाताचं विचारल्यावर म्हणाले, "तुम्ही तेव्हा दमलेल्या होतात." असेनही. कानबाई काय, सासऱ्यांची काळजी काय, माझे नाकी नऊ आलेलेच होते. पण राजेंद्र दमलेला नव्हता, आणि हात त्यानंही पाहिला. कुणाला काही उत्तर माहीत असेल तर जरूर लिहा, माझ्याकडे नाही. तो रंग आप्पांनी कोणाला पुसू दिला नाही. हळूहळू, अंघोळीनं, भाकरी मोडून मोडून आपोआप गेला.

ते दार आजही एकाच हातावर आहे. जवळून बघितलं तर खालचं अस्तर दिसतं. परवा मी आप्पांना म्हटलं, पुढच्या कानबाईला परत घासून दुसरा हात देऊया का, की राहू दे असंच?

त्यांनी घास चावून गिळला, पाणी प्यायले.

"दे ना," म्हणाले. "पन रंगारी ठाकोरच बलाव."